अमॅरिलोच्या पुढे कुठेतरी

सकाळी ६.१५

साताऱ्याहून फोन. तिकडे पावणेपाच वाजलेत, इथे डॅलसला अजून नीट उजाडायचंय. "मॅडम, पोरगा काल रात्रीपासून फोन उचलत नाही. पोलिसांनी थांबवलंय, एवढाच मेसेज आलाय." आवाज वडिलांचा. मागून आईचं "विचारा ना, विचारा ना" चाललेलं.

मी डॅलसजवळ एका फौजदारी वकिलांकडे पॅरालीगल आहे. कोर्टात उभं राहायचं काम वकिलांचं. त्याआधी माणूस नेमका कुठल्या तुरुंगात आहे, कोणत्या आरोपाखाली आहे आणि जामीन किती ठरलाय, हे शोधून काढायचं काम माझं. शहरात हे काम दहा मिनिटांचं. डॅलस किंवा ह्यूस्टनच्या शेरीफची यादी संगणकावर असते, नाव टाकलं की माणूस दिसतो. खरा कस लागतो तो ग्रामीण काउंटीत.

काकांना चार गोष्टी विचारते: पासपोर्टवर नाव अक्षरशः कसं आहे, जन्मतारीख, गाडीचा नंबर आणि शेवटचा ठावठिकाणा. मुलगा इथे एम. एस. करतो, सुट्टीत कोलोरॅडोला गेला होता, डेन्व्हरहून एकटाच गाडी घेऊन परत येत होता. "रूममेट म्हणतो, अमॅरिलोच्या पुढे कुठेतरी होता." जन्मतारीख ते "चार जुलै" सांगतात. मी कागदावर आधी सात आणि मग चार लिहिते, कारण इथे महिना आधी. उलटी तारीख सांगितली तर तुरुंगातला माणूस "या तारखेचा कुणी नाही" म्हणून फोन ठेवतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

७.००

नकाशा उघडते. अमॅरिलोहून डॅलसकडे येणारा रस्ता म्हणजे हायवे २८७. क्लॉड, क्लॅरेंडन, मेम्फिस, चिल्ड्रेस, क्वाना, व्हर्नन आणि मग विचिटा फॉल्स. सुमारे सव्वादोनशे मैल, आणि ही वाटेतली गावं एकेका काउंटीची मुख्य ठिकाणं. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. प्रत्येकीचा शेरीफ निवडून आलेला, तुरुंग त्याच्या ताब्यात आणि कैद्यांची नोंदही त्याच्याकडेच. क्लॉड ज्या आर्मस्ट्राँग काउंटीत आहे, तिची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत दोन हजारांच्याही आत होती. काही लहान काउंट्यांना स्वतःचा तुरुंगच नाही. पकडलेला माणूस शेजारच्या काउंटीत ठेवतात. राज्यभरच्या काउंटी तुरुंगांची मिळून एकच यादी, अशी सोय लोकांसाठी नाही.

म्हणून पहिला प्रश्न "काय केलं?" हा नसतोच. पहिला प्रश्न "कुठल्या काउंटीच्या हद्दीत थांबवलं?" हा. गाडी थांबवणारा ट्रूपर राज्याचा असतो, पण माणूस जातो तो त्या हद्दीतल्या तुरुंगात. रूममेटला फोन करून शेवटच्या मेसेजची वेळ घेते, रात्री ९.४०. डेन्व्हरहून किती वाजता निघाला, पेट्रोल कुठे भरलं हेही विचारते. पेट्रोलचा कार्डावरचा खर्च अमॅरिलोचा, ८.२५ चा. तिथून सव्वा तास म्हणजे क्लॅरेंडन ते मेम्फिसचा पट्टा. त्या बाजूच्या काउंट्यांचे नंबर काढून ठेवते.

७.२०

फोन करायच्या आधी संगणकावर एक फेरी मारते, पण चुकीच्या ठिकाणी वेळ घालवत नाही. घाबरलेले नातेवाईक बहुतेकदा राज्याच्या तुरुंग खात्याच्या शोधपानावर नाव टाकतात. तिथे शिक्षा झालेले कैदी असतात. काल रात्री पकडलेला मुलगा तिथे कधीच दिसणार नाही. काउंटीच्या तुरुंगात खटला व्हायचा असलेले आणि छोटी शिक्षा भोगणारे लोक असतात. दुसरी चूक पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांची. नाव टाकलं की चक्र फिरतं, "नोंद सापडली" असं झळकतं आणि कार्डाचा नंबर मागतात. पैसे भरल्यावर हाती येतो तो कुणाच्या तरी जुन्या पत्त्यांचा ढीग. काउंटीकडे ही माहिती फुकट असते, हे मी फोनवर रोज कुणाला ना कुणाला सांगते.

काउंटीच्या स्वतःच्या पानांची तऱ्हा निराळी. एका ठिकाणी कैद्यांची यादी दिवसातून एकदा चढवतात, दुसऱ्या ठिकाणी शेरीफचं फक्त फेसबुक पान, तिसऱ्या ठिकाणी नुसता फोन नंबर. यादीत नाव नसलं म्हणजे माणूस तिथे नाही, असं कधी धरायचं नाही. नोंद होते आधी कागदावर, मग यंत्रात आणि त्यानंतर केव्हातरी पानावर.

८.०५

आता फोन. रात्रपाळीचे लोक घरी जाऊन दिवसपाळी स्थिरावेपर्यंत मी मुद्दाम थांबते. लहान काउंटीत रात्री ९११ चे फोन घेणारी व्यक्तीच बऱ्याचदा तुरुंगाचाही फोन उचलते. त्यामुळे कार्यालयीन नंबरच लावायचा, आवाज शांत ठेवायचा आणि प्रश्न थोडके विचारायचे.

पहिल्या काउंटीत नाही. दुसरीकडे एक बाई फोन घेतात. आडनाव एकेक अक्षर फोडून सांगते. "नाही, मॅम." मग तेच नाव उलटं सांगते, पहिलं नाव आडनावाच्या जागी. आपल्या मराठी नावांचा हा घोळ मला पाठ आहे. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं, आडनाव दुसऱ्या. लायसन्सवर तेच उतरतं. रात्री बारा वाजता टंकणारा जेलर त्यातलं कुठलं नाव कुठे टाकेल याचा नेम नसतो. ज्ञानेश्वरसारखं नाव असेल तर ऐकून टंकणारा ते ग किंवा न च्या अक्षरात शोधतो, आणि पासपोर्टवर ते डी-एन-वायने सुरू होतं. म्हणून मी शेवटी जन्मतारखेवरूनच बघायला सांगते. "सात, चार." पलीकडे कळफलकाचा आवाज. "हो मॅम, आहे. वडिलांचं नाव आडनावात पडलंय."

त्या बाई मला बुकिंगचा, म्हणजे तुरुंगात दाखल करतानाच्या नोंदीचा, कागद वाचून दाखवतात. अटक ९.५८, राज्याचा ट्रूपर, हायवे २८७. बुकिंग ११.५२. दोन्ही वेळा मी वेगळ्या लिहिते. पुढचं घड्याळ अटकेपासून मोजायचं असतं. उंची, वजन, डोळ्यांचा रंग. फोटो आणि बोटांचे ठसे झालेत. सोबतच्या वस्तू: फोन एक, पाकीट एक, घड्याळ एक, रोख ४३ डॉलर, काळा दोरा एक. त्या दोऱ्याशी त्या अडखळतात, "गळ्यातलं काहीतरी." मी म्हणते, हो, कळलं. आरोप: नियंत्रित पदार्थ बाळगणे, दुसरा गट, एक ग्रॅमपेक्षा कमी. जामीन: ठरलेला नाही. मॅजिस्ट्रेट साडेनऊला येणार.

आरोप ऐकताच प्रकरण कळतं. कोलोरॅडोत २०१४ पासून गांजा दुकानात उघड विकत मिळतो. तिथून आणलेली तेलाची छोटी व्हेप नळी टेक्सासची हद्द ओलांडली की गंभीर गुन्हा ठरते. एक ग्रॅमपेक्षा कमी असली तरी १८० दिवस ते दोन वर्षं कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना हे माहीत नसतं. माहीत असायला हवं.

९.४५

कायद्याप्रमाणे अटकेपासून ४८ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. ग्रामीण टेक्सासमध्ये हे काम बहुतेकदा जस्टिस ऑफ द पीस करतात. ते लोकांनी निवडलेले असतात. वकील असलंच पाहिजे असं नाही. ते आरोप सांगतात, हक्क सांगतात, जामीन ठरवतात. दहाला पुन्हा फोन केल्यावर रक्कम कळते: ३,००० डॉलर. जामीनदार कंपनीला साधारण दहावा हिस्सा द्यावा लागतो. मी आकडा वकिलांना कळवते आणि काकांना फोन लावते. साताऱ्यात रात्रीचे साडेआठ. "काका, सापडला. सुखरूप आहे. तुरुंगात आहे, पण सुखरूप आहे." पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही.

जामिनाचा आकडा लिहिताना मला सँड्रा ब्लँड आठवते. १० जुलै २०१५ ला प्रेअरी व्ह्यू गावात लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून ट्रूपरने तिला थांबवलं, शब्दाने शब्द वाढला आणि तिला वॉलर काउंटीच्या तुरुंगात टाकलं. जामीन ५,००० डॉलर. बाहेर यायला ५०० डॉलर पुरले असते. १३ जुलैला ती कोठडीत मृतावस्थेत आढळली. आत येताना भरलेल्या कागदावर तिने पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद होती. तो कागद पुढे जगाने वाचला. २०१७ मध्ये तिच्या नावाने टेक्सासने कायदा केला, कैद्यांवर प्रत्यक्ष नजर ठेवण्याचे आणि कोठडीतल्या मृत्यूच्या स्वतंत्र तपासाचे नियम आले. बुकिंगची नोंद उघडी का असावी, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. सरकारने माणूस उचलला तर तो कुठे आहे, कधीपासून आहे, कशासाठी आहे हे सगळ्यांना कळलंच पाहिजे. गुपचूप डांबून ठेवण्याला आळा घालणारा पहिला कागद हाच.

११.१५

तोंडी माहितीवर वकील उभे राहू शकत नाहीत, म्हणून लेखी अर्ज. टेक्सासचा माहिती कायदा १९७३ चा, आज सरकारी संहितेचं प्रकरण ५५२. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची ओळख असलेल्यांना त्याची चाल लगेच समजेल: अर्ज साधा, कारण सांगायची गरज नाही, उलट कारण विचारायलाच कार्यालयाला मनाई. तपासाचे कागद पोलीस रोखू शकतात. पण अटकेची मूलभूत माहिती रोखता येत नाही, हे ह्यूस्टन क्रॉनिकल वृत्तपत्राच्या १९७५ च्या खटल्यात ठरलं आणि पुढे कायद्यात उतरलं. नाव, वय, आरोप, अटकेची वेळ आणि जागा, बुकिंग, जामीन, सुटका किंवा दुसरीकडे रवानगी, हे सगळं त्यात येतं. माणसाचा जुना गुन्हेगारी इतिहास मात्र येत नाही, आणि ते योग्यच आहे. काही रोखायचं असेल तर कार्यालयाने दहा कामकाजाच्या दिवसांत ॲटर्नी जनरलकडे निर्णय मागायचा.

अर्जात मी "सगळे कागद द्या" असं कधीच लिहीत नाही. "अमुक रात्रीचा, अमुक आरोपाचा बुकिंगचा कागद" एवढंच मागते. बारापर्यंत पाठवते, कारण बारा ते एक काउंटीचं कार्यालय जेवायला बंद.

दुपारी १.१०

दुसरा महत्त्वाचा प्रश्न विचारायला पुन्हा फोन: "त्याच्यावर होल्ड आहे का?" बुकिंगला घेतलेले ठसे स्थलांतर खात्यापर्यंत पोचतात. त्यांनी डिटेनर लावला तर जामीन भरूनही माणूस आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवला जाऊ शकतो. त्यानंतर तो त्यांच्या ताब्यात गेला की काउंटीच्या नोंदीत फक्त "रवानगी" उरते आणि शोध त्यांच्या वेगळ्या यादीत करावा लागतो. तिथे जन्मदेश आणि नावाचं स्पेलिंग तंतोतंत लागतं. आज होल्ड नाही.

काका विचारतात, दूतावासाला कळवलं असेल ना? आपोआप कळत नाही. कुलभूषण जाधव खटल्यात गाजलेलं व्हिएन्ना कराराचं कलम ३६ इथेही लागू आहे. परदेशी कैद्याला दूतावासाशी बोलायचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला सांगायलाच हवा. पण भारतीय कैद्याने स्वतः मागितलं तरच तुरुंगाने कळवायचं असतं. मुलं लाजेने मागत नाहीत. मी वकिलांच्या टिपणात लिहून ठेवते: "भेटीत आधी हे विचारावं."

३.००

याच नोंदींची दुसरी बाजूही असते. एका ताईंचा फोन येतो. नवऱ्याने मारहाण केली, तो आत आहे, तो कधी सुटेल ते त्यांना आधी कळायला हवं. १९९३ च्या डिसेंबरमध्ये केंटकीत मेरी बायरन या मुलीला तिच्या एकविसाव्या वाढदिवशी तिच्याच जुन्या मित्राने ठार मारलं. तो तुरुंगातून सुटलाय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातून पुढच्या वर्षी सुटकेची सूचना आपोआप देणारी यंत्रणा उभी राहिली आणि देशभर पसरली. ताईंची नोंदणी फोनवरच करून देते. पण ग्रामीण तुरुंगाच्या बाबतीत मी तेवढ्यावर विसंबत नाही. तुरुंगाचा नंबर लिहून देते, सकाळ-संध्याकाळ स्वतः विचारायला सांगते, आणि संरक्षण आदेशाचं वकिलांशी आजच बोलायला लावते.

४.३५

जामीन भरला गेला. सुटकेला अजून तास-दोन तास. साताऱ्यात पहाटेचे तीन वाजून गेलेत, तरी काका पहिल्याच रिंगला उचलतात. गाडी टोईंगवाल्याच्या आवारात आहे, तिचं भाडं दिवसागणिक चढतं, म्हणून रूममेटला उद्याच पाठवा, असं सांगते. सहा वाजता तुरुंगात शेवटचा फोन. नोंदीत एक ओळ वाढलीय: जामिनावर सुटका, ५.४८.

आता वाचकांना दोन विनंत्या. तुमचं कुणी इथे शिकत किंवा नोकरी करत असेल, तर पासपोर्टवरचं नाव, महिना आधी लिहिलेली जन्मतारीख आणि गाडीचा नंबर घरी एका कागदावर लिहून ठेवा, आणि वेळ आलीच तर कुणाला पैसे भरण्याआधी काउंटीच्या तुरुंगाला फोन करा. दुसरी विनंती बुकिंगच्या वेळी काढलेल्या फोटोबद्दल. बुकिंगच्या कागदावर असतो तो आरोप. गुन्हा शाबीत व्हायचा असतो, पुष्कळदा होतही नाही. तरी असे फोटो उचलून छापायचे आणि काढून टाकायला पैसे मागायचे, हा धंदा इतका वाढला की टेक्सासला आणि इतर राज्यांना २०१३ पासून त्याविरुद्ध कायदे करावे लागले. तुमच्या व्हॉट्सॲप गटात असा कुणाचा फोटो आला, तर तो पुढे पाठवू नका.