विकणे आहे : टी. नगरमधलं जुनं घर

मद्रासला जाऊन आलेल्या मराठी बाईला टी. नगर ठाऊक नाही, असं सहसा घडत नाही. पनगल पार्कपाशी रिक्षा सोडायची, नल्लीत शिरायचं, कांजीवरम निवडता निवडता दुपार करायची. बरोबरच्या पुरुषमंडळींनी तोवर पिशव्या सांभाळत उभं राहायचं. हे काम आम्हीही केलं आहे. आणि ते करताना मागच्या गल्ल्यांतून सहज फेरी मारली, तर उस्मान रोडच्या कलकलाटापासून दोन मिनिटांवर वेगळंच टी. नगर दिसतं. गोल कोपऱ्यांची, लांबट छज्ज्यांची दुमजली घरं, मागे नारळ, आंबा, एखादी विहीर. अशा घराच्या फाटकावर विक्रीची पाटी दिसली की पावलं रेंगाळतात. पण पाटीवरच्या मजकुरात गोल कोपरे नसतात, आंबा नसतो. दोन ग्राउंड, बस्स, एवढंच असतं.

ग्राउंड म्हणजे तिथलं जमिनीचं माप. एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. आपल्याकडे गुंठा, तसा चेन्नईत ग्राउंड. ही पाटी वाचता आली की जुन्या घराचं काय होणार, तेही वाचता येतं.

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. मैलापूरच्या बाजूला पसरलेला ‘लाँग टँक’ नावाचा मोठा तलाव बुजवून १९२३-२५च्या सुमारास ही वस्ती आखली गेली. तेव्हा मद्रास प्रांतात जस्टिस पक्षाचं सरकार होतं. ब्राह्मणेतर चळवळीतून उभा राहिलेला हा पक्ष. त्याचे एक संस्थापक पिट्टी त्यागराय चेट्टी यांचं नाव वस्तीला मिळालं. प्रांताचे मुख्यमंत्री, पनगलचे राजे, यांचं नाव बागेला, आणि पक्षाच्या इतर पुढाऱ्यांची नावं रस्त्यांना. मुंबईत दादर-माटुंग्याला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची वस्ती वाढत होती, साधारण तोच हा काळ. फरक एवढाच की शिवाजी पार्कभोवती तीन-तीन मजली इमारती उठल्या, तर टी. नगरला प्रत्येकाचं स्वतंत्र घर. दादरकराला ‘युद्धापूर्वीचा फ्लॅट’ म्हटलं की लगेच कळतं. टी. नगरला युद्धापूर्वीचं म्हणजे अख्खं घरच असतं.

आणि या ‘युद्धापूर्वी’ला मद्रासमध्ये खास अर्थ आहे. १९४२च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बाँब पडले, तेव्हा मद्रासमधून लोक बिऱ्हाडं गुंडाळून गावोगावी निघून गेले. त्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि रंगूनहून येणारं सागवान थांबलं. म्हणून त्याआधीच्या घराच्या दारावर जाणकार माणूस आधी बोटांनी टकटक करून पाहतो. बर्मी साग असेल, तर ऐंशी-नव्वद वर्षांनीही दार फुगलेलं नसतं.

छताकडे तर मुद्दाम पाहावं. सागाच्या तुळयांवर बारीक, चपट्या विटा तिरक्या ओळीत उभ्या बसवायच्या, सांधायला चुना. वर वीटतुकडा आणि चुन्याचा थर बडवून बसवायचा. त्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. ‘मद्रास टेरेस’ या नावानं हे छत प्रसिद्ध आहे. मे महिन्याच्या दुपारी खाली लाल ऑक्साइडच्या फरशीवर चटई टाकून पडावं, पंखासुद्धा जास्त वाटतो. दिवाणखान्याच्या तुळईला कड्या, कड्यांना साखळ्या, साखळ्यांना रुंद लाकडी फळीचा झोपाळा. तमिळमध्ये त्याला ऊंजल म्हणतात. लग्नात वधूवरांना त्यावरच बसवतात.

पण या छताच्या फटीत पिंपळाचं रोपटं रुजलं की संपलं! गळती काढायला चुन्याचं काम जाणणारा गवंडी लागतो आणि तो आता शोधावा लागतो.

एवढं सगळं असूनही विक्रीच्या हिशेबात घराची किंमत जवळजवळ शून्य धरतात. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तिथला जुना फ्लॅट विकला तरी इमारत उभी राहते, नवा मालक त्याच जिन्यानं वर जातो. टी. नगरच्या गल्लीतलं घर बहुधा कुठल्याच वारसा यादीत नसतं आणि खरेदीदाराला हवी असते ती मोकळी जमीन.

हिशेब सोपा आहे. दोन ग्राउंड म्हणजे ४,८०० चौरस फूट. २०१९च्या नियमांप्रमाणे साध्या, कमी उंचीच्या इमारतीला मूळ एफएसआय दोन, म्हणजे ९,६०० फूट बांधकाम. बिल्डरशी निम्मा-निम्मा करार झाला, तर मालकाच्या वाट्याला ४,८०० फूट, म्हणजे बाराशे फुटांचे चार फ्लॅट. आई आणि तीन भावंडं. भांडण नको म्हणून कुणी मुद्दाम आखावं, इतका तो भागाकार जुळतो! एक मुलगा बंगळूरला, एक अमेरिकेत, मुलगी सासरी. गळक्या घरात एकटी आई. अशा वेळी ‘घर पाडू नका’ असं बाहेरच्यानं सांगणं सोपं असतं.

मुलीची सही मात्र विसरून चालत नाही. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं तिचा समान वाटा आहेच. वडिलोपार्जित मिळकतीतही तमिळनाडूनं १९८९ साली मुलींना सहदायाद केलं. महाराष्ट्रानं ते १९९४ साली केलं, देशभर २००५ साली झालं. तमिळनाडूच्या पहिल्या कायद्यात आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, २००५नं ती अट काढली.

नोकरीनिमित्त चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाला या जागी उठलेला फ्लॅट घ्यायचा असेल, तर आपली मुंबई-पुण्याची सवय जरा बाजूला ठेवावी. आपण कार्पेट किती, सोसायटी कशी, ते विचारतो. तिथला माणूस आधी यूडीएस विचारतो, म्हणजे जमिनीतला अविभाज्य हिस्सा. तो खरेदीखतात चौरस फुटांत लिहिलेला असतो. पुढे इमारत जुनी झाली की किंमत त्याचीच राहते. पट्टा कुणाच्या नावावर आहे आणि बोजा दाखला किती वर्षं मागचा मिळतो, हेही वकिलाकडून पाहून घ्यावं.

करार झाला, की पाडकामाचा ठेकेदार येतो. इथे उलटा व्यवहार असतो. चांगलं सागवान असेल तर तोच मालकाला पैसे देतो! दारं, चौकटी, तुळया आधी उतरतात, मग भिंती. विटांचा ढीग उचलायला फार दिवस लागत नाहीत.

ऊंजल बहुतेक घरं ठेवून घेतात. नव्या फ्लॅटमध्ये तो टांगायचा असेल, तर कड्यांची जागा स्लॅब पडण्याआधीच बिल्डरला दाखवून ठेवावी लागते.