लेखाकर्मातील यश आणि अभ्यासाच्या सवयी

इयत्ता अकरावीत वाणिज्य शाखेत प्रवेश घेणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय नवा असतो. अन्य विषयांत बरे असलेले काही विद्यार्थीही येथे मागे पडतात. त्याचे कारण पुष्कळदा बुद्धिमत्तेत शोधले जाते. अभ्यासाच्या सवयींकडे मात्र दुर्लक्ष होते.

विषयाची घडण

द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केले. प्रत्येक व्यवहाराची नावे व जमा अशी दुहेरी नोंद, हे तिचे मर्म आजही कायम आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि अंतिम लेखे या तिच्या पायऱ्या होत. पहिली पायरी कच्ची राहिली की पुढील सर्व डळमळतात. म्हणूनच हा विषय परीक्षेच्या तोंडावर एकदम उरकता येत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. तेरजेत यंत्रसामग्री ५०,००० रुपये असून तिच्यावर १० टक्के घसारा आकारावयाचा आहे. हे ५,००० रुपये नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूस जातात आणि ताळेबंदात यंत्रसामग्री ४५,००० रुपयांना दाखविली जाते. पाठांतर करणारा विद्यार्थी यांपैकी एक परिणाम विसरतो आणि ताळेबंद जुळत नाही. ज्याला कारण उमगले आहे, तो आपली चूक स्वतः शोधून काढतो.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक झाला, असेही नाही. कार्यालयासाठी घेतलेल्या फर्निचरची रक्कम खरेदी खात्यात लिहिली, तरी तेरीज जुळतेच. अशा वेळी प्रत्येक नोंदीचे कारण स्वतःला विचारण्याची सवयच उपयोगी पडते.

संशोधन काय सांगते?

शिकलेले विस्मरणात किती वेगाने जाते, हे हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये प्रयोगाने दाखविले. रोडिगर व कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगांत पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिणारे पुढे होते. सोडविलेली उदाहरणे केवळ वाचल्याने विषय आला असे वाटते, ते याच कारणाने फसवे ठरते. आरंभी अशी उदाहरणे समजून घेणे हितावहच आहे. मात्र नंतर पुस्तक मिटून तेच उदाहरण स्वतः सोडविले पाहिजे.

काय करता येईल?

विद्यार्थ्याने रोज निदान एक उदाहरण सोडवावे, आठवड्यातून एकदा मागील प्रकरणातील उदाहरण घ्यावे आणि झालेल्या चुकांची वेगळी वही ठेवावी. शिक्षकांनी केवळ अंतिम उत्तर न तपासता विद्यार्थी कोणत्या पायरीवर अडला, हे पाहावे. फळ्यावरील उत्तर उतरवून घेण्यापूर्वी वर्गाला प्रयत्नासाठी काही मिनिटे द्यावीत.

ज्यांच्या घरी शांत जागा वा पुरेसा उजेड नाही, त्यांना सवयीचा उपदेश पुरेसा नाही. शाळेची खोली किंवा समाजमंदिर सायंकाळी अभ्यासिकेसाठी उघडे ठेवणे ग्रामपंचायतींना शक्य आहे.

गावातील सहकारी सोसायटी, दूध संस्था आणि बचत गट यांचे दप्तर उद्या याच विद्यार्थ्यांच्या हाती येणार आहे. नोंद वेळेवर करण्याची व ती पडताळून पाहण्याची सवय त्यांना आज लागली, तर तिचा लाभ गुणपत्रिकेपुरता न राहता साऱ्या गावाला होईल.