ओरखडा आणि चपडा

वाद्यावरचा ओरखडा नेमका कधी पडला, हे कुठल्याच घरात कुणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे वाद्यं दोन : पत्नीचा मिरजेचा तंबोरा आणि नातवाची गिटार. दोन्हींच्या अंगावर वळ आहेत. औषध मात्र एक नाही.

तंबोऱ्याला जुन्या पद्धतीचं चपड्याचं पॉलिश आहे. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर इवले किडे ती पाझरतात. आपल्या वाडवडिलांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही हीच लाख असे. म्हणजे तंबोरा आणि त्याचा सूर साठवणारी तबकडी, दोन्ही एकाच किड्याच्या ऋणात!

चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, स्पिरिट उडालं की त्याचा पातळ थर उरतो, आणि कित्येक वर्षांनी पुन्हा स्पिरिट लागलं तरी तो थर मऊ होतो. त्यामुळे नवा हात जुन्यात मिसळतो, सांधा दिसत नाही. बँकेत आम्हांला याच्या नेमकं उलट शिकवलं होतं : चुकलेला आकडा वाचता येईल अशी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. इथे कारागिराची सही दिसली, तर काम बिघडलं!

आधी वाद्य तिरप्या उजेडात धरावं, ओरखड्यावरून नख फिरवावं. नख अडकलं नाही, तर इजा वरवरची. मऊ सुती कापडात कापूस बांधून बोळा करायचा, त्याला पातळ चपडा आणि थेंबभर तेल लावून हलक्या हाताने फिरवत राहायचं. मध्येच थांबलात, तर बोळा चिकटून जुना थर ओढून घेतो. नख अडकलं, तर बारीक ब्रशाने चर थोडा थोडा भरायचा, वाळू द्यायचा, मग अगदी बारीक पॉलिशपेपर. आणि हे पावसाळ्यात करू नये. दमट हवेत चपड्यावर पांढुरकी झाक येते.

गिटारीचं निराळं. स्पॅनिश पद्धतीच्या हातबनावटीच्या उत्तम गिटारींना आजही फ्रेंच पॉलिश, म्हणजे हाच चपडा असतो. पण कारखान्यातल्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. त्याला स्पिरिट मऊ करत नाही; नवा थर वर बसतो आणि त्याची कड दिसते. बारीक रेघा रबिंग कंपाउंडने घालवाव्यात, टवका उडाला असेल तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या थेंबांनी भरून सपाट करावा. सिलिकॉन असलेलं मोटारीचं पॉलिश मात्र दोन्हींना वर्ज्य. पुढे त्यावर काहीही नीट बसत नाही.

तंबोरा आम्ही आधी शहरातल्या एका दुकानात नेला. सगळं खरवडून नवा कोरा करून देतो, म्हणाले. दांडीच्या कडेला, पत्नीचा अंगठा तीस वर्षं टेकला तिथे, पॉलिश झिजून लाकूड काळसर झालंय. तेही घालवणार होते.

“अहो, तेवढी जागा सोडायला सांगा,” ती म्हणाली. “डोळे मिटले की हात तिथेच जातो.”

तंबोरा तसाच परत आणला आणि दसऱ्यानंतर मिरजेला नेला. तिथल्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरी त्याआधी दीडशेहून अधिक वर्षांची. कारागिराने ओरखडा तेवढा भरला, काळसर जागेला बोळा लावला नाही. निघताना बजावलं, “पंधरा दिवस गवसणी घालू नका, कापडाची वीण पॉलिशवर उमटेल.”

सध्या तंबोरा दिवाणखान्यात उघडाच उभा आहे आणि नातवाला त्या बाजूने फिरकायला बंदी आहे.