पूरभूमीचे वाचन : दोस रिओस उद्यानातील मार्गदर्शित पदभ्रमण

एखादी भूमी राज्य-उद्यान म्हणून घोषित झाली की ती त्याच क्षणी उद्यान होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खरेदीखताने केवळ स्वामित्व पालटते. भूमीचे रूप पालटण्यास पुढे पुष्कळ काळ लागतो. या मधल्या अवस्थेतील भूमी पाहणाऱ्यास जाणकार मार्गदर्शकाची आवश्यकता का भासते, याचे विवेचन कॅलिफोर्नियातील एका उदाहरणाच्या आधारे येथे करावयाचे आहे.

सॅन होआकिन व टुओलमी या दोन नद्यांचा संगम मोडेस्टो नगराच्या पश्चिमेस सुमारे ८ मैलांवर आहे. तेथे २०२४ च्या जून महिन्यात ‘दोस रिओस’ हे राज्य-उद्यान लोकांसाठी खुले झाले. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘दोन नद्या’ असा आहे. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १,६०० एकर असून, त्या राज्यात सुमारे दशकभरात स्थापन झालेले हे पहिलेच राज्य-उद्यान होय. ही मूळची शेतजमीन. ‘रिव्हर पार्टनर्स’ या संस्थेने २०१२ मध्ये ती खरेदी केली, तिच्यावर वनरोपण केले आणि त्यानंतरच ती राज्याकडे सोपविली.

कॅलिफोर्नियाच्या राज्य-उद्यानांतून उद्यानरक्षक व प्रशिक्षित स्वयंसेवक अभ्यागतांस बरोबर घेऊन पदभ्रमण घडवितात. प्राचीन रेडवुड वृक्षांच्या अरण्यात मार्गदर्शक नसला तरी वृक्षांची भव्यता आपोआप प्रतीत होते. दोस रिओसची गोष्ट निराळी आहे. येथे एकट्याने हिंडणाऱ्यास सपाट मैदान, कोवळी झाडी आणि मातीचे काही ढिगारे एवढेच दिसण्याचा संभव आहे. या दृश्याचा अर्थ तीन खुणांवरून उलगडतो.

पहिली खूण म्हणजे झाडांच्या सरळ रांगा. कॉटनवुड, विलो, व्हॅली ओक इत्यादी स्थानिक वनस्पतींची सुमारे ३,५०,००० रोपे येथे लावण्यात आली, आणि तीही शेतीच्याच पद्धतीने, आरंभीची काही वर्षे पाणी देऊन. ही झाडे जसजशी वाढतील व पूर नवे बी आणून टाकील, तसतशा या रांगा पुसट होत जातील.

दुसरी खूण म्हणजे फोडलेले बांध. पिकांच्या रक्षणार्थ नदीकाठी घातलेले काही बांध जागोजागी मुद्दाम तोडण्यात आले, जेणेकरून सिएरा नेव्हाडा पर्वतावरील हिम वितळून येणारे पुराचे पाणी मैदानावर पसरावे. पसरलेल्या पाण्याचा काही अंश जमिनीत मुरतो आणि खालच्या अंगास पुराचा जोर काहीसा उणावतो. अशा उथळ व अन्नसमृद्ध पाण्यात सॅमन माशांची पिले नदीच्या मुख्य प्रवाहातल्यापेक्षा लवकर वाढतात.

तिसरी खूण म्हणजे झुडपांनी आच्छादिलेले मातीचे उंचवटे. नदीकाठच्या झुडपांत राहणाऱ्या एका दुर्मीळ रानसशासाठी ते रचलेले आहेत. या संगमाच्या उत्तरेस कॅस्वेल उद्यानात या सशांची वस्ती होती. १९९७ च्या महापुरात ती जवळजवळ नष्ट झाली. पूर्वी पूर आला असता हे प्राणी उंच भागातील झाडीचा आश्रय घेत. परंतु काठापलीकडची झाडी शेतीसाठी काढली गेल्यामुळे त्यांना आसरा उरला नाही. २००० मध्ये या सशाची नोंद संघराज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या सूचीत झाली. त्यामुळे जो ढिगारा अनभिज्ञास निरर्थक वाटतो, तो वस्तुतः पूरकाळातील आश्रयस्थान आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. सॅन होआकिन खोरे हे अमेरिकेतील अत्यंत उत्पादक कृषिक्षेत्रांपैकी एक आहे. तेथील जमीन पिकाखालून काढून पुराच्या स्वाधीन करणे हा अपव्यय नव्हे काय? हा प्रश्न उपेक्षणीय खचित नाही. शेतीवर उपजीविका करणाऱ्यांच्या दृष्टीने प्रत्येक एकराला मोल आहे. तथापि मध्य खोऱ्यातील नदीकाठच्या मूळ वनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक वने नाहीशी झाली आहेत, आणि तेथील रहिवाशांना मुक्तपणे नदीकाठी जाता येईल अशी सार्वजनिक स्थळेही अल्प आहेत. शिवाय संगमावरील सखल भूमीत पाणी शिरणे हे स्वाभाविकच. तेथे प्रत्येक पुराशी झगडत पीक घेण्याचे मोलही हिशोबात धरावे लागते. एवढ्या क्षेत्राने संपूर्ण खोऱ्याचा पूरप्रश्न सुटेल असे मात्र कोणी मानू नये.

मार्गदर्शित पदभ्रमणाचे महत्त्व येथेच आहे. जमीन विकत घेण्यासाठी, रोपे लावण्यासाठी आणि पुढे तिची निगा राखण्यासाठी लोकांचा पैसा व लोकांची संमती लागते. रांगा, बांध आणि उंचवटे यांचा अर्थ ज्यांना प्रत्यक्ष जागेवर समजला, तेच पाण्याखाली गेलेल्या मैदानाकडे पाहून जमीन वाया गेली असे न म्हणता, ती आपले काम करीत आहे असे म्हणू शकतील.