कन्सोलची किंमत कोण भरतो?

नोव्हेंबर २००६मध्ये सोनीने अमेरिकेत प्लेस्टेशन ३ आणले, तेही दोन मॉडेल्समध्ये. २० जीबीचे ४९९ डॉलरना, ६० जीबीचे ५९९ डॉलरना. महाग म्हणून त्यावर भरपूर टीका झाली. पण आयसप्लाय या संशोधन कंपनीने यंत्र उघडून सुट्या भागांचा हिशेब मांडला, तेव्हा नुसता उत्पादनखर्चच आठशे डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे एकेका यंत्रामागे सोनी अडीचशे-तीनशे डॉलर पदरचे घालत होती.

हा तोटा जाणूनबुजून सोसलेला असतो. यंत्र एकदाच विकले जाते, गेम मात्र वर्षानुवर्षे विकले जातात. आणि दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या गेमच्या विक्रीतही कन्सोलवाल्याचा वाटा असतो. डिजिटल दुकानात तो साधारण ३० टक्के. एपिक आणि ॲपल यांच्यातल्या २०२१च्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले, की एक्सबॉक्स यंत्रांच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

मग दोन मॉडेल्स कशाला? स्वस्त मॉडेलमुळे जाहिरातीत छोटा आकडा छापता येतो. २००५चे एक्सबॉक्स ३६० कोअर २९९ डॉलरना मिळे, पण त्यात हार्ड डिस्क नव्हती. अर्धवट खेळ साठवून ठेवायला मेमरी युनिट वेगळे विकत घ्यावे लागे. २० जीबीच्या प्लेस्टेशनमध्ये वायफाय नव्हते. त्याला गिऱ्हाईकच कमी, म्हणून अमेरिकेत ते काही महिन्यांतच बंद झाले.

थांबणाऱ्याचा मात्र तेव्हा फायदा होई. चिप लहान होत गेल्या, काही सोयी कापल्या गेल्या आणि २००९मध्ये प्लेस्टेशन ३ स्लिम २९९ डॉलरना आले. २०११मध्ये किंमत २४९वर उतरली.

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये आले. डिस्क ड्राइव्हसह ४९,९९० रुपये, डिजिटल एडिशन ३९,९९० रुपये. प्रोसेसर तोच, गेमही तेच. दहा हजार वाचले असे वाटते. पण ड्राइव्ह नाही म्हणजे जुन्या डिस्क विकत घेणे नाही, खेळून झालेली विकणे नाही, मित्राकडून आणणेही नाही. सोनीचे मोठे गेम ४,९९९ रुपयांना येऊ लागले होते. अशी डिस्क निम्म्या किमतीला जरी विकली गेली, तरी चार गेममध्ये ते दहा हजार भरून निघतात. आपल्याकडे डिस्कची देवघेव करूनच खेळणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांनी स्वस्त मॉडेल घेण्याआधी हा हिशेब जरूर करावा.

आता तर थांबण्यातही फायदा उरलेला नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये भारतात दोन्ही मॉडेल्स पाच-पाच हजारांनी महागली. अमेरिकेत २०२०मध्ये ४९९ डॉलरना आलेले ड्राइव्हवाले यंत्र ऑगस्ट २०२५मध्ये ५४९वर गेले. त्याआधी, नोव्हेंबर २०२४मध्ये, प्लेस्टेशन ५ प्रो तिथे ६९९ डॉलरना आले. एवढे मोजूनही त्यात डिस्क ड्राइव्ह नाही. हवा असेल तर आणखी ८० डॉलर.