मानधन कीं वेतन?

गोदाघाटावर सायंकाळीं आम्हीं चार निवृत्त शिक्षक बसतों. परवां तेथें वाद निघाला कीं, विद्यादान हें जर दान, तर शिक्षकानें पगारवाढ मागावी काय?

एका स्नेह्यांनीं मनुस्मृति पुढें केली. वेतन घेऊन शिकविणाऱ्या ‘भृतकाध्यापका’स मनूनें श्राद्धास वर्ज्य मानलें आहे, हें खरें. परंतु तेव्हां भिक्षा घालणारे गृहस्थ व अग्रहार देणारे राजे विद्येच्या पाठीशीं होते. गुरूच्या चुलीची चिंता समाज वाहत असे, म्हणूनच विद्या विनामूल्य देतां येई.

दुसऱ्यांनीं गोपाळ कृष्ण गोखल्यांचें नांव घेतलें. डेक्कन एज्युकेशन सोसायटींत त्यांनीं मासिक ७५ रुपयांवर अध्यापन केलें. वंदनीयच तें! पण तो त्याग त्यांनीं आपण होऊन पत्करला होता. कोणीं त्यांच्यावर लादला नव्हता.

आपल्या शासनानें २००० सालीं शिक्षणसेवक योजना आणली. नव्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें वेतनश्रेणीऐवजीं मानधनावर शिकवावें, असा तिचा नियम. प्राथमिक शाळेंत तें मानधन प्रथम ३,००० रुपये होतें. पुढें ६,००० झालें आणि २०२२ अखेर तेवढेंच राहिलें. म्हणजे दिवसाचे २०० रुपये! १ जानेवारी २०२३ पासून तें १६,००० झालें. माध्यमिकास १८,००० व उच्च माध्यमिकास २०,००० ठरले. वाढ मोठी खरी. तथापि सातव्या वेतन आयोगाप्रमाणें नियमित प्राथमिक शिक्षकाचें आरंभीचें मूळ वेतनच २९,२०० रुपये असून महागाई भत्ता निराळा. शिकविण्याचें काम मात्र दोघांचें एकच.

नाशिकची एखादी मुलगी पेठ किंवा सुरगाण्याच्या शाळेंत रुजू झाली, तर खोलीचें भाडें, एस. टी.चा खर्च आणि घरीं धाडावयाचे पैसे तिनें ह्यांतूनच भागवावयाचे.

तिजोरीवर भार पडतो, हा आक्षेप खोटा नव्हे. पण वांचलेल्या पैशाची किंमत अखेर मुलें देतात. कारण हुशार विद्यार्थी अध्यापनाकडे वळेनासा होतो. दोष एकट्या शासनाचा तरी कोठें आहे? मुलगा अजून शिक्षणसेवक आहे, असें कळतांच पत्रिका परत करणारे आपणच, आणि गुरुपौर्णिमेस गुरुमहिमा सांगणारेही आपणच!

पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्यावें, ही मागणी एकट्या शिक्षकानें कां करावी? ज्यांचीं मुलें त्याच्यापुढें बसतात, त्या पालकांनींही ती करावी, असें मला वाटतें.