आरओची बारीक नळी

आरओ यंत्राची एक बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते. घरगुती यंत्र साधारणपणे एक लिटर पिण्याचं पाणी देतं, तेव्हा या नळीतून तीनेक लिटर वाहून जातं. ते ‘घाण पाणी’ समजून सोडून देणं चूक आहे, हे साध्या गणितानेही कळतं. यंत्रातल्या पडद्यातून पाणी पार होतं, क्षार मागे राहतात. चार लिटरमधले क्षार तीन लिटरमध्ये एकवटतात. नळाच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर या पाण्यात सुमारे ४००. ते पिऊ नये, कारण अडवलेले इतर घटकही त्यातच असतात. पण लादी पुसायला, संडासात ओतायला काय हरकत? नळीखाली बादली ठेवली की झालं.

कुंड्यांना घातलं तर रोपं मरतात, हा आक्षेप अर्धा खरा आहे. बोअरवेलचं पाणी १५०० मिलिग्रॅमचं असेल, तर सोडलेलं पाणी २००० वर जातं. त्यातले क्षार मातीत साचून पानांच्या कडा करपतात. तिथे ते संडासापुरतंच वापरावं. मग आरओच कशाला, हा प्रश्न मात्र मला पूर्ण पटतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षारांच्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. मुंबईत तलावांचं पाणी मुळातच कमी क्षारांचं असतं. तेव्हा यंत्र घेण्याआधी आपल्या नळाचं पाणी एकदा तपासून घ्या.